बहुमताने ठरलेला मदरबोर्ड

रविवार, २

आज वाचनालयाच्या सभागृहात बोललो. विषय माझाच होता, 'यंत्राचा मालक कोण?' सुरुवात शांत ठेवली आणि हळूहळू पेटवत नेलं. 'जो माणूस घरातलं यंत्र स्वतःच्या हातानं साफ करू शकत नाही, तो त्याचा मालक नव्हे, भाडेकरू आहे!' या वाक्याला टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतली म्हातारी मंडळी जागी झाली, ही त्याहून मोठी पावती.

मग दुसऱ्या रांगेतला शिंपी उठला. हा गृहस्थ माझ्या प्रत्येक भाषणाला येतो, गळ्यातली मोजपट्टीही न काढता, आणि शेवटी एकच प्रश्न विचारतो. प्रश्न लहान असतो, त्याचाच त्रास होतो. आज म्हणाला, "भाषण झकास झालं. पण तुमच्या घरचा कॉम्प्युटर कोण साफ करतं?"

लोक हसले. मी म्हणालो, "आज संध्याकाळी मीच करणार आहे."

आणि केला. विंडोज मुळापासून पुसून नव्यानं घातलं. परवान्याच्या अटी संपूर्ण, मोठ्यानं वाचल्या. न वाचता 'मान्य' म्हणणारी जमात वेगळी. मेहुणे ऐकता ऐकता खुर्चीतच झोपले. फोटो वगैरे आधीच दुसरीकडे हलवून ठेवले होते, असं लेक म्हणाली. कधी हलवले विचारलं, तर म्हणे, "तुमच्या भाषणाचा विषय कळला तेव्हा."

एक नोंद राहिली. शनिवारी पंधराला लेकीची कुठल्याशा परदेशी कंपनीत ऑनलाइन मुलाखत आहे. याच कॉम्प्युटरवरून देणार म्हणते. त्यांचं ते गाव नकाशात शोधलं. नकाशाची घडी उलगडावी लागली, मग उलटी करावी लागली. असो. भाषणाचं शीर्षक अधिक धारदार हवं होतं.

मंगळवार, ४

कॉम्प्युटर सुरू होतो, पण त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. इंटरनेट नाही. पडद्यावरचं सगळं आडवं फुगलंय. मेहुण्यांनी आपला फोटो उघडून पाहिला आणि रात्रीचं जेवण अर्ध्यावर आणायचं ठरवलं.

लेकीनं डिव्हाइस मॅनेजर नावाची यादी उघडून दाखवली. यंत्रातला प्रत्येक भाग तिथं नावानिशी हजर असतो. आमच्याकडे निम्म्या नावांपुढे पिवळा त्रिकोण आणि त्यात उद्गारचिन्ह. उद्गारचिन्ह हे माझंही आवडतं चिन्ह आहे, पण इथं ते माझ्यावर रोखलेलं दिसलं.

"ड्रायव्हर नाहीत," लेक म्हणाली. "मदरबोर्डवर काय काय बसवलंय ते विंडोजला ओळखता येत नाहीये. आधी चिपसेटचा घालायचा. सगळ्या भागांचं एकमेकांशी बोलणं त्याच्याकडून होतं."

"म्हणजे तो सभेचा अध्यक्ष."

"अध्यक्ष नाही हो बाबा. चिटणीस. काम करतो तो."

"मग घाल."

"कुठला घालू? आपला बोर्ड कुठला ते कळलं पाहिजे ना!"

ती विंडोजलाच विचारायला गेली. सिस्टिम इन्फर्मेशन म्हणून एक पान आहे, त्यात बोर्डाचं नाव येतं. आमच्या पानावर नावाच्या जागी लिहिलं होतं, 'उत्पादकानं भरायचं आहे.' उत्पादकानं भरलेलं नव्हतं. मला आश्चर्य वाटलं नाही. मी आधीच म्हणालो होतो, आरोपीनं स्वतःबद्दल दिलेला जबाब पुरावा म्हणून धरत नाहीत.

मग रीतीप्रमाणे सभा भरली. आमच्या घरात लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यापासून प्रत्येक निर्णय सभेत होतो. ठराव, अनुमोदन, चर्चा, मतदान. भिंतीचा रंग असा ठरला, सोफा असा आला, लेकीनं कुठल्या शाखेला जायचं तेही असंच ठरलं (त्या दिवशी ती माझ्याविरुद्ध इतकं सुरेख बोलली की मी हरलो आणि रडलो, पण ते वेगळं). सदस्य चार: मी, ही, लेक आणि वरच्या मजल्यावर राहणारे हिचे भाऊ, म्हणजे माझे मेहुणे. मेहुणे निवृत्त बँकवाले. कुठल्याही ठरावाला लगेच अनुमोदन देतात. त्यानं सभा लवकर संपते अशी त्यांची भाबडी समजूत आहे.

लेकीनं सूचना मांडली की कॉम्प्युटरचा डबा उघडून बोर्डावरचं नाव वाचावं, आणि ड्रायव्हर तिच्या फोनवरून उतरवून घ्यावेत.

"अनुमोदन!" मेहुणे.

अध्यक्षांनी, म्हणजे मी, सूचना विषयबाह्य ठरवली. यंत्राच्या पोटात शिरणं हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. आणि एका यंत्राच्या तोंडात दुसऱ्या यंत्रानं घास भरवायचा, तर माणूस कशाला हवा?

"रविवारी तर तुम्ही म्हणालात, स्वतःचं यंत्र स्वतः उघडा," ही भाजी निवडता निवडता म्हणाली.

मी म्हणालो होतो 'साफ करा'. लोक नीट ऐकत नाहीत.

गुरुवार, ६

पुरावा सापडला! माळ्यावर मदरबोर्डचा रिकामा खोका. त्यावर कंपनी, मॉडेल, चिपसेट, सगळं ठसठशीत छापलेलं. मी खोका सभेपुढे टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "हा घ्या दस्तऐवज."

"बाबा, हा आधीच्या कॉम्प्युटरचा खोका आहे," लेक म्हणाली.

"कशावरून?"

"माझी शाळेतली प्रमाणपत्रं याच्यात ठेवली होती. हा कॉम्प्युटर मी कॉलेजात असताना आला."

मेहुणे म्हणाले, "मला आठवतं, कॉम्प्युटर जोडून देणारा माणूस याच कंपनीचं नाव घेत होता." हिनं विचारलं, "चांगलं म्हणून का वाईट म्हणून?" मेहुण्यांना तेवढं आठवेना.

यावर मी जे बोललो ते शब्दशः लिहून ठेवायला हवं होतं. स्मृती विरुद्ध कागद, असा वाद मी मांडला. संस्कृती कागदावर उभी आहे, खोका हा पुठ्ठ्याचा म्हणजे कागदाचाच मोठा भाऊ आहे, इथपर्यंत आलो. मग मतदान. 'आपला मदरबोर्ड खोक्यावर छापलेलाच आहे' या ठरावाच्या बाजूनं मी आणि मेहुणे. विरोधात लेक. ही तटस्थ, कारण तिचा हात कणकेत होता.

लेक म्हणाली, "बाबा, बोर्ड कुठला हे बहुमतानं ठरत नसतं. तो जो आहे तो आहे."

हरलेला पक्ष नेहमी वस्तुस्थितीच्या आड लपतो. मी तसं बोलूनही दाखवलं.

दुपारी वाचनालयातल्या कॉम्प्युटरवरून ठरावाप्रमाणे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून आणले. फाइलींची नावं खात्री करत वाचत होतो, तेव्हा वाचनालयाच्या बाई येऊन म्हणाल्या, "मनात." घरी येऊन चिपसेटचा ड्रायव्हर चालवला. त्यानं उत्तर दिलं: 'हा कॉम्प्युटर या सॉफ्टवेअरच्या किमान अटी पूर्ण करत नाही.'

पुन्हा चालवला. तेच उत्तर. इतका स्पष्ट ठराव आणि इतका उद्धट नकार!

शुक्रवार, ७

पुन्हा तेच. मी त्याला समजावून सांगितलं. मेहुण्यांनी जिन्यावरून विचारलं, "दाजी, कोणाशी बोलताय?"

मनात एक शंका आली होती, ती लिहीत नाही.

रविवार, ९

माझी चूक तत्त्वाची होती. एका कंपनीला निवडून मी बाकीच्यांवर अन्याय करत होतो. वाचनालयात एक संकेतस्थळ सापडलं. त्याचं ब्रीद: 'सर्व कॉम्प्युटरांचे सर्व ड्रायव्हर, एकाच ठिकाणी.' यालाच सर्वसमावेशक धोरण म्हणतात! गठ्ठा आणला. लेक झोपली होती, मेहुण्यांनी जिन्यातूनच अनुमोदन दिलं, घाईची बाब म्हणून सभा न भरवता कारवाई केली. आमच्याकडे नसलेल्या तीन वाय-फायचे ड्रायव्हर गेले. जे छपाईयंत्र आम्ही कधी पाहिलंही नाही त्याचा गेला. अनेक डिस्का एकत्र बांधणाऱ्यांसाठीचा एक होता, तोही बिचारा बाहेर का राहावा?

मग पडदा निळा झाला आणि त्यावर एक दुर्मुखलेला चेहरा आला. दोन ठिपके आणि खाली वाकलेलं तोंड. आयुष्यात मी विरोधी सभा पाहिल्या, माइक बंद पाडणारे पाहिले, एकदा टोमॅटोही पाहिला. पण असं तोंड कुठल्या श्रोत्यानं मला दाखवलं नव्हतं.

लेक उठून आली. पडद्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. आमच्या घरात कुणी बोललं नाही की मला घाम फुटतो.

"पुन्हा विंडोज घालावं लागेल," एवढं म्हणून ती आत गेली.

ही म्हणाली, "तुम्हाला ते सुरू व्हायलाच नकोय."

"काय बोलतेस!"

"खरं तेच बोलतेय. तिच्या फोनवरून चुटकीसरशी झालं असतं सगळं. पोरगी थांबलीय."

"कशासाठी थांबलीय?"

"ते तुम्ही ओळखा. एवढी पुस्तकं वाचलीत."

निराधार आरोप. मी तात्काळ त्याचं खंडन केलं. चार मुद्दे मांडले, त्यातले तीन चांगले होते. ही चौथ्याच्या आधीच कपडे वाळत घालायला निघून गेली.

मंगळवार, ११

विंडोज पुन्हा घातलं. अटी या वेळी मनात वाचल्या.

सकाळी लेकीची पिशवी दाराशी होती. म्हणाली, "मैत्रिणीच्या घरून देते मुलाखत. चार दिवस आधीच जाते, तिथला कॉम्प्युटर तपासून बघते." मी म्हणालो, "उत्तम. व्यक्तीला निवडीचं स्वातंत्र्य असलंच पाहिजे." आणि फिरायला गेलो. पावसाची चिन्हं नव्हती तरी छत्री घेतली. कुठं कुठं फिरलो ते आठवत नाही. एका बाकावर बसून छत्री उघडली आणि मिटली.

परत आलो तर पिशवी दाराशी नव्हती. लेक स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती.

"गेली नाहीस?"

"तिच्याकडे जागा नाही."

मैत्रिणीचं घर आमच्या दुप्पट आहे, मी दोनदा जेवून आलोय. हल्लीच्या पोरांना जागेचा अंदाज म्हणून नाही. मी चार शेंगा सोलू लागलो. छान दिवस गेला.

बुधवार, १२

आज सभेत मीच ठराव मांडला: 'डबा उघडावा.'

"अनुमोदन!" मेहुणे.

"विरोधात कोण?" मी विचारलं. ही म्हणाली, "आधी वीज बंद करा, मग लोकशाही."

तारा काढल्या, डबा जेवणाच्या टेबलावर आडवा ठेवला. स्क्रू मी काढले. लेक फोनचा दिवा धरून होती. आत धुळीचा एवढा थर की मेहुणे म्हणाले, "इथं बी पेरलं तर उगवेल." मऊ ब्रशनं झाडलं. पंख्याच्या शेजारी, दोन खाचांच्या मधल्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत नाव छापलेलं होतं. चष्मा वर केला, खाली केला, वाचलं.

खोक्यावरचं नाव नव्हे. कंपनीसुद्धा ती नव्हे. चिपसेट तर दुसऱ्याच घराण्याचा.

मेहुणे म्हणाले, "मग तो जोडणारा माणूस वाईट म्हणूनच बोलत असणार."

"कोपऱ्यात अजून काही आहे बघा," लेक म्हणाली. अगदी टोकाला बारीक अक्षरांत होतं, 'आवृत्ती २'. "तेही लिहून घ्या. एकाच नावाचा बोर्ड असला तरी आवृत्ती बदलली की नेटवर्कची चिप बदलते कधीकधी. मग ड्रायव्हरही वेगळा लागतो."

मला हे फार आवडलं. तेच नाव, तेच रूप, आणि आत कुठंतरी काहीतरी बदललेलं, ते कोपऱ्यात इतकं बारीक लिहिलेलं की जवळ गेल्याशिवाय दिसू नये. यावर भाषण होऊ शकेल. मी डोकं तिच्या डोक्याला लागेल इतकं खाली वाकवून वाचत होतो. लहानपणी तिला घड्याळ शिकवलं तेव्हा आम्ही असेच बसायचो, फक्त तेव्हा दिवा मी धरायचो.

ही आणि मेहुणे आत गेले तेव्हा लेक दिवा न हलवता म्हणाली, "बाबा, एक विचारू? मी जाऊ नये असं वाटतं का तुम्हाला?"

मी सविस्तर उत्तर दिलं. स्थलांतर हा मानवजातीचा पहिला धर्म आहे इथून सुरुवात केली. नद्या, पक्षी, व्यापारी, बियाणं, सगळे आले. माणसाला मुळं नसतात, पाय असतात, हे वाक्य तर तिथल्या तिथं सुचलं. मुलींच्या पायांतल्या अदृश्य बेड्यांवर तर मी असा काही बरसलो की ही दारात येऊन उभी राहिली.

संपल्यावर लेक म्हणाली, "हो का नाही?"

मी म्हणालो, प्रश्न चुकीच्या पद्धतीनं मांडलेला आहे.

"बरं," म्हणाली, आणि स्क्रू गोळा करू लागली. एक स्क्रू उरला. तो कुठला ते कळलं नाही.

गुरुवार, १३

लेकीनं यादी करून दिली. बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपलं मॉडेल, आपली आवृत्ती आणि आपलं विंडोज निवडायचं. मग चार घ्यायचे: चिपसेट, नेटवर्क, आवाज, पडदा.

"पानावर तर मुबलक दिसतील," मी म्हणालो. "अनेक डिस्कांवाला?"

"आपली डिस्क एकच आहे."

"बायोस? यंत्राला जागं करणारा तो?"

"त्याला हात लावायचा नाही. चालतंय ते चालू दे."

"दिव्यांचे रंग बदलणारं एक सॉफ्टवेअर असतं म्हणे."

"आपल्या डब्यात दिवा आहे का?"

"नाही."

"मग? जे आपल्यात आहे त्याचंच घ्यायचं, बाबा."

साधा नियम आहे. राजकारणात का लागू होत नाही कोण जाणे.

वाचनालयात जाऊन सगळं मनात वाचत उतरवलं. बाईंनी काळजीनं विचारलं, "बरं नाही का?" घरी आलो. चिपसेटचा घातला. यंत्रानं एका शब्दानंही हरकत घेतली नाही! पुन्हा चालू केल्यावर पिवळे त्रिकोण एकदम कमी झाले. पडद्याचा घातला, मेहुणे फोटोत बारीक झाले आणि दोन घास जास्त जेवले. आवाजाचा घातला, स्पीकरमधून टुण् झालं. ही देवघरात नव्हे, पण तशाच सुरात म्हणाली, "बोललं बाई एकदाचं."

नेटवर्कचा पेनड्राइव्हवर नव्हता.

पुन्हा पाहिलं. नव्हताच. चारांतला एक मी आणला नाही. जो नसेल तर मुलाखत होऊच शकत नाही, तोच. मी कुठली गोष्ट कधी विसरत नाही. पूर्ण भाषणं कागदाशिवाय करतो, वाटेत शिंपी बसलेला असला तरी. हे कसं झालं ते मला खरोखर कळत नाही. म्हणून फक्त नोंदवून ठेवतो.

लेक म्हणाली, "उद्या आणा."

शुक्रवार, १४

शुक्रवारी वाचनालय बंद असतं. हे मला ठाऊक आहे. त्या वाचनालयाचा मी आजीव सभासद आहे.

नाश्त्याच्या वेळी सांगितलं. मेहुण्यांनासुद्धा अनुमोदन द्यायला काही सापडेना. लेकीनं आपला फोन टेबलावर माझ्या बशीशेजारी ठेवला आणि म्हणाली, "मी घेत नाही आता हातात. तुम्ही सांगाल तसं." आणि आंघोळीला गेली.

मी त्या फोनकडे पाहत राहिलो. तिला हाक मारायची आणि म्हणायचं, 'उतरव'. पण मग ते काम तिनं केलं असं झालं असतं. ड्रायव्हर आणला नव्हता मी. आणायला मीच हवा होतो.

चपला घातल्या आणि शिंप्याच्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकांची मापं ठेवायला त्याच्याकडे कॉम्प्युटर आहे. दुकानात एक जाडजूड गृहस्थ हात पसरून माप देत उभे होते, आणि एक बाई ब्लाउजवरून भांडत होत्या.

"या या, वक्ते!" शिंपी म्हणाला. "आज इकडे कुठं? कोट शिवायचा का?"

"कॉम्प्युटर हवा होता."

"कोणाला?"

"मला."

त्यानं मोजपट्टी खाली घेतली. हात पसरलेले गृहस्थ तसेच राहिले. बाईंनी भांडण थांबवलं. मला सभा ओळखू येते. ही सभा होती. वाटेत मी सुरुवातीचं वाक्य घडवलं होतं, ते त्या क्षणी कुठं गेलं कोण जाणे.

मी म्हणालो, "वाचनालय बंद आहे. लेकीची उद्या मुलाखत आहे. नेटवर्कचा ड्रायव्हर आणायचा मी विसरलो."

"तुम्ही विसरलात?"

"हो."

"पण घरचा कॉम्प्युटर साफ केलात ना?"

"नको इतका."

जाडजूड गृहस्थ हसले, तेव्हा त्यांचं कंबरेचं माप चुकलं असणार. बाई म्हणाल्या, "अहो, बसू द्या की त्यांना. घसा बसलाय बहुतेक."

शिंपी हसला नाही. त्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "पोरगी कुठं जायचीय?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"लांब आहे."

"हो."

"मग विसरणारच," तो म्हणाला आणि कॉम्प्युटरसमोरचं कापड बाजूला केलं.

या वाक्याचा अर्थ मला लागला नाही. शिंपी हल्ली विसंगत बोलतो.

पानावर नेटवर्कचे दोन ड्रायव्हर होते, आवृत्ती एकसाठी एक आणि दोनसाठी दुसरा. मी दुसरा घेतला. पेनड्राइव्हवर आलाय ना ते उघडून पाहिलं. काढला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं. शिंपी म्हणाला, "आलाय हो. मलासुद्धा दिसतोय." घरी येईपर्यंत पेनड्राइव्ह मुठीत होता, खिशावर विश्वास ठेवला नाही.

घातला. शेवटचा त्रिकोण गेला. इंटरनेट आलं. लेक मागे उभी होती. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाली, "हात किती घामेजलेत तुमचे."

शनिवार, १५

मुलाखत झाली. खोलीत दुसरं कोणी नको असा कंपनीचा नियम, म्हणून आम्ही तिघं दाराबाहेर. मी कान लावून, ही मला ढकलत, "सरका जरा, मीही आई आहे तिची." मेहुणे मागून विचारत, "मिळाली का? मिळाली का नोकरी?"

आवाज स्वच्छ येत होता. ड्रायव्हर चोख बसला आहे.

त्यांनी विचारलं, मत न बदलणाऱ्या माणसाचं मत बदलायची वेळ कधी आली का? लेक जराही अडखळली नाही. तिनं हीच सगळी हकिगत सांगितली, खोका, मतदान, निळा पडदा. पलीकडची माणसं हसत होती. मग ती म्हणाली, "माझ्या वडिलांना वादात हरवता येत नाही. त्यांच्यासमोर वस्तू ठेवायची आणि गप्प बसायचं, हाच उपाय. आमच्या घरात गप्प बसायला कोणी शिकवत नाही, म्हणून मला ते फार जड गेलं. रोज वाटायचं, आपणच करून टाकावं. पण मग ते माझं झालं असतं. मला ते त्यांनी करून हवं होतं."

"का?" पलीकडून विचारलं.

"कारण त्यांनी जा म्हटलंय हे मला तसंच कळलं असतं. एरवी त्यांना बोलता येत नाही."

ही पदरानं डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.

उत्तर म्हणून पाहिलं तर मांडणी चांगली. उदाहरण ताजं, विनोद जागच्या जागी, शेवट आटोपशीर. मात्र शेवटच्या वाक्यात वस्तुस्थितीची ढोबळ चूक आहे. मला बोलता येतं.

तिला तसं सांगायचं ठरवून दाराशी उभा होतो. ती बाहेर आली तेव्हा "पाणी हवं का?" असं विचारलं गेलं.

गुरुवार, २७

आज जेवताना लेकीनं सांगितलं, "पत्र आलंय. मी जाणारेय. पुढच्या महिन्यात."

हा ठराव नव्हता. ना सूचक, ना चर्चा. घराच्या इतिहासात असं प्रथमच घडलं. या आठवड्यात अध्यक्ष मी आहे, मला हरकत घेता आली असती.

"अनुमोदन!" मेहुणे सवयीनं ओरडले. मग त्यांच्या लक्षात आलं आपण कशाला अनुमोदन दिलं, आणि ते रुमालात बराच वेळ नाक शिंकरत बसले.

ही म्हणाली, "अहो, तुम्ही?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. लेकीचा घास हातातच होता. मी म्हणालो, "मी लेखी देतो," आणि पानावरून उठलो.

तेव्हापासून लिहायला बसलोय. निरोपाचं भाषण म्हणजे माझा हातखंडा, बदल्या, निवृत्त्या, किती जणांना मी निरोप दिलेत. पहिलं वाक्य आलं: 'जा, पोरी.'

दुसरं अजून सुचत नाही.